उसने दुःख

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते, आणि आज या गावी तर उद्या त्या गावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत, आणि जिथे वर्गणी बरी जमली असेल तिथे वडशाहून आणविलेल्या मंडळीचे पहाटेपर्यंत चालणारे नाटक. अशा दिवसांत भंडारा जिल्ह्यातला माणूस संध्याकाळी घरात सापडणे कठीण. तरीसुद्धा गेल्या दिवाळीत आमच्या घरची चार-सहा माणसे, बाहेर ढोलकी वाजत असताना, माजघरात बसून हिरिरीने वाद घालीत होती. आणि वादाचे कारण होते वीतभरही लांब नसलेले एक वाद्य. माऊथ ऑर्गन.

वाद्य माझ्या पुतण्याचे. तो नागपूरला शिकतो. अभ्यास किती करतो ते त्याच्या आईला ठाऊक. पण सुट्टीत घरी येताना पुस्तकांच्या आधी तो एक कापडी पट्टा उलगडतो आणि त्यात काडतुसांसारखे खोवलेले आठ-दहा माऊथ ऑर्गन बाहेर येतात. एवढे कशाला, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "काका, पेटीसारखी यात पट्टी बदलता येत नाही. प्रत्येक पट्टीचा बाजा वेगळा."

हे वाद्य आपल्याला परके नाही. १९५८ सालच्या 'सोलवाँ साल'मध्ये देव आनंदच्या गाण्यात जो माऊथ ऑर्गन वाजतो तो तरुण राहुलदेव बर्मन यांनी वाजवलेला. १९६४ च्या 'दोस्ती'तल्या दोन मित्रांपैकी एकाच्या ओठांशी तो सारखा असे. आणि १९७५ चा 'शोले' तर सर्वांनाच पाठ आहे: संध्याकाळी हवेलीतले दिवे एकेक करून मालवीत जाणारी ती विधवा सून, आणि समोर पायरीवर बसून माऊथ ऑर्गन वाजवणारा तो भाडोत्री माणूस. ते सूर भानू गुप्ता यांचे. त्यानंतर आमच्या गावच्या पोरांनी जत्रेतून प्लास्टिकचे बाजे आणून शेजाऱ्यांची झोप घालवली, हेही मला आठवते. पण आम्ही सारे फुंकीत होतो. पुतण्याचे वाजवणे पहिल्यांदा नीट ऐकले तेव्हा माझ्या लक्षात आले, की हा पोरगा फुंकीत नाही, ओढतो आहे. श्वास आत घेताना तो वाजवतो. त्यामुळे त्याच्या वाजवण्यात काहीतरी हुंदक्यासारखे होते. कारण हुंदका हासुद्धा आत घेतलेलाच श्वास असतो.

त्याने मला ते सारे समजावून दिले, आणि मला ते फार मनोरंजक वाटले. या बाजाला दहा छिद्रे आणि वीस पितळी जिभल्या असतात. भंडाऱ्याच्या माणसाला पितळेचे कौतुक मुद्दाम सांगायला नको. जर्मनीतल्या त्रोसिंगेन गावी मथियास होनर नावाच्या घड्याळजीने १८५७ साली हे बाजे करून विकायला सुरुवात केली. साधीसुधी लोकगीते आणि नाचाच्या चाली वाजाव्यात एवढाच त्या मांडणीचा हेतू. म्हणून फुंकले की षड्ज, गंधार, पंचम तेवढे वाजतात, बाकीचे ओढण्यात. खालच्या सप्तकात तर मध्यम आणि धैवत ठेवलेलेच नाहीत. कारागिराला वाटले, त्यांची गरज काय?

पुढे हे स्वस्त आणि खिशात मावणारे वाद्य समुद्रापार अमेरिकेत गेले आणि तिथल्या काळ्या मजुरांच्या हाती पडले. त्यांनी काय करावे? पांढरी एकचा बाजा घेतला आणि पांढरी पाचला षड्ज मानून वाजवायला लागले. म्हणजे बाजा उलटाच वापरला. आता मुख्य सूर सारे ओढण्यात आले, आणि ओढताना जीभ व घसा आत दाबून धरला की सूर खाली वाकतो असे त्यांच्या ध्यानात आले. त्या वाकवण्यातून न ठेवलेला मध्यम सापडला, धैवत सापडला, आणि एक असा गंधार सापडला की जो धड कोमल नव्हे आणि धड शुद्धही नव्हे. दरबारीतला हलता गंधार ज्यांनी कान देऊन ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आपल्या पेटीला हे जमत नाही. म्हणून तर आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. त्याच जातीच्या पितळी जिभल्या, पण हवा भात्याऐवजी माणसाच्या छातीतून आली, आणि जिभल्या वाकल्या. कारखान्याने न दिलेले सूर माणसांनी श्वास कोंडून काढले. मला हे पुतण्याच्या साऱ्या वाजवण्याहून मोठे वाटले, पण तसे मी त्याला सांगितले नाही. आधीच त्याला स्वतःविषयी पुरेसा आदर आहे.

त्या संगीताला ते लोक ब्लूज म्हणतात. निळा रंग त्यांच्याकडे उदासीचा. कापसाच्या शेतांवर आधी गुलाम म्हणून आणि १८६५ नंतर कर्जाने बांधलेले कुळ म्हणून राबणाऱ्या लोकांनी ते घडवले. त्याचा साचा अगदी सोपा आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि मग तिसरीत तिचे उत्तर द्यायचे. बारा मात्रांचा नव्हे, बारा आवर्तनांचा एक फेरा. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. साचा सर्वांचा, दुःख ज्याचे त्याचे. हे ऐकून मला जात्यावरची ओवी आठवली नसती तरच नवल. तिथेही पहिली ओळ बहुधा गावाच्या मालकीची असते, आणि दुसऱ्या ओळीत बाई आपला भाऊ, आपली सासू, आपले मेलेले लेकरू आणून ठेवते.

वादाकडे येण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला. बांध वाचवण्यासाठी काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने मातीची पोती वाहायला लावले, आणि बांध फुटले ते फुटलेच. दोन वर्षांनी मेम्फिस मिनी नावाच्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने त्या बांधाचे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९७१ साली इंग्लंडमधल्या लेड झेपेलिन या तरुणांच्या मंडळाने तेच गाणे आपल्या पद्धतीने, प्रचंड आवाजात, पुन्हा केले. त्यात गाणाऱ्यानेच माऊथ ऑर्गनही वाजवला आहे. ती तबकडी जगभर लक्षावधींनी खपली. पुतण्याला हे गाणे अतिशय प्रिय. पूर ज्यांनी पाहिला नाही, ज्यांचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता, अशा गोऱ्या पोरांनी ते गावे का, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्या पोरांनी निदान श्रेयनामावलीत मेम्फिस मिनीचे नाव आपल्या नावांशेजारी घातले होते, एवढे मान्य करायला हवे. इतरांच्या बाबतीत तेवढेही नेहमी झालेले नाही.

आता आमच्याकडचे. आमच्या बांधीत रोवणीला येणाऱ्या बायांमध्ये एक वयस्कर बाई आहे. तिचे नाव मी येथे घालीत नाही. आषाढात चिखलात ओळीने वाकून, परे हातात घेऊन, मागे मागे सरकत बाया रोवणी करतात तेव्हा एकजण गाणे उचलते आणि बाकीच्या ते मागून म्हणतात. उचलणारी बहुधा हीच असते. आवाज काही गोड नाही. जाडा, किंचित फाटलेला. तिचे माहेर पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी होते. 'होते' असे म्हणतो, कारण १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे कित्येक वर्षांनी पाणी साठू लागले तेव्हा बुडालेल्या गावांत तेही गेले. माणसांना दुसरीकडे जागा मिळाल्या, कोणाला पैसे मिळाले, कोणाला कमी मिळाले, ते भांडण वेगळे. पण ओवीतल्या माहेराचे काय करायचे? आपल्या गाण्यांत भाऊ मुराळी होऊन निघतो, वाटेत आंबराई लागते, विहीर लागते, वेशीवर मारुती लागतो. या बाईच्या गाण्यात भाऊ निघतो आणि वाटच पाण्यात जाते. ती आंबराई, विहीर, मारुती अशी एकेक नावे घेते आणि प्रत्येक नावानंतर बाकीच्या बाया मागून एकच ओळ म्हणतात. मी हे गाणे कितीतरी वर्षे ऐकत आलो. धुऱ्यावर उभा राहून ऐकले आणि मजुरीचा हिशेब करून घरी आलो. हेही कबूल केले पाहिजे.

पुतण्याने ते गेल्या वर्षी रोवणीच्या वेळी मोबाइलवर टिपून घेतले. दोन महिन्यांनी नागपुरात कोणा मित्राच्या गच्चीवर ही वाजवणारी पोरे जमली तेव्हा त्याने त्या चालीवर माऊथ ऑर्गन वाजवला. अशा बैठकीला ते जॅम सेशन म्हणतात. जॅम म्हणजे मुरंबा असे वहिनींना वाटले, आणि ते अगदीच चूक नव्हते. ठरलेले काही नसते. कोणीतरी पट्टी सांगतो, कोणीतरी ठेका धरतो, आणि फेरा सुरू होतो. एकाची पाळी आली की बाकीच्यांनी आवाज खाली आणायचा. माऊथ ऑर्गनवाले दोघे असतील तर एकाने बाजा खिशात घालायचा. नवख्याला एक फेरा द्यायचा, त्याने तीन मागायचे नाहीत. हे नियम कोणी लिहिलेले नाहीत, पण मोडणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावणे येत नाही. खंजिरीच्या भजनात बसलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. तुकडोजी महाराजांच्या पाठीमागे वऱ्हाड-झाडीतल्या गावोगाव जी भजनमंडळे उभी राहिली, त्यांत बुवा ओळ सोडतो आणि झेलकरी ती उचलतात. स्वतःचा गळा दाखवायला मध्येच उठणाऱ्याची आमच्याकडे 'आला मोठा गवई' म्हणून संभावना होते. मुंबईत तर हे दोन प्रवाह एकमेकांत प्रत्यक्ष मिसळले. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा काळा अमेरिकन वादक आपले पथक घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. तिथल्या जॅझवर पोसलेले चिक चॉकलेटसारखे गोवेकर वादक पुढे चित्रपटांकडे वळले आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, ते सूर आपल्या आजोबांनी ऐकले व पायाने ठेका धरला. कोणाचे काय कोणाकडे गेले याचा हिशेब मांडायला बसलो तर एकही गाणे शिल्लक राहणार नाही.

तर गच्चीवर पुतण्याचे कौतुक झाले. खूप टाळ्या पडल्या. दिवाळीत घरी आल्यावर तो उत्साहाने त्या बाईच्या अंगणात गेला आणि तिला म्हणाला, "मावशी, तुमचं गाणं मी नागपुरात वाजवलं. लोकांनी किती टाळ्या वाजवल्या!" ती विड्या वळीत होती. तिने हातातली विडी पुरती बांधली आणि विचारले, "टाऱ्या वाजवल्या मनतोस, बाबू. पन मांगून कोन म्हनलं?"

त्याला उत्तर सुचेना. तो घरी आला आणि त्याने ते आम्हाला सांगितले. त्यावरून ते माजघरातले भांडण.

वहिनींचे म्हणणे सरळ होते. तिला पाचशे रुपये आणि एक लुगडे द्यावे आणि विषय संपवावा. गाणे तिचे, घेतलेस, मोबदला दे. पुतण्या म्हणाला, गाण्याला मालक नसतो. तिने तरी ते कोणाकडून घेतले? तिच्या आईकडून, आईने आणखी कोणाकडून. आणि वाईट कुठे वाजवले मी? प्रेमाने वाजवले. माझे थोरले बंधू, जे एरव्ही अशा विषयांत तोंड घालीत नाहीत, ते एवढेच म्हणाले, की आपल्या घरातला पोरगा हौसेने त्यांच्या अंगणात गेला यालाच ती लाजली असेल, तिच्या बोलण्याचा एवढा कीस काढू नये. मी गप्प होतो. मला दिसत होते, की तिने पैशांविषयी एक अक्षर काढलेले नव्हते आणि परवानगीविषयीही नाही. तिने तिसरेच काही विचारले होते.

दुसऱ्याचे दुःख आपल्याला गाता येते काय? आपल्या परंपरेचे उत्तर ठरलेले आहे: येते, किंबहुना तेच गायचे असते. भट्टनायकाने आणि त्याच्यामागून अभिनवगुप्ताने सांगितले, की काव्यातले दुःख कोणा एकाचे राहत नाही. ते साऱ्यांचे होते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. सीता रडते आणि आपण तिकीट काढून जातो. हे उत्तर मला कॉलेजात पटले होते. आताही पटते, परंतु पूर्वीइतके समाधान होत नाही. दुःख सर्वांचे झाले म्हणताना ज्याचे ते मुळात होते त्याची वाटणीतली जागा कोणती, हे त्या विवेचनात कुठे सापडत नाही. आदिकवीची गोष्टच घ्या. व्याधाने क्रौंच मारला, क्रौंची आक्रोश करू लागली, वाल्मीकीच्या तोंडून शोकाचा श्लोक झाला. हजारो वर्षे आपण त्या श्लोकाला वंदन करतो. क्रौंचीचे पुढे काय झाले हे कोणी विचारले नाही. मात्र एक गोष्ट वाल्मीकीच्या बाजूने आहे, आणि ती मला त्या रात्री प्रथमच उमगली: तो श्लोक मुळात शाप होता. तो ऋषी तिथे तमसेच्या काठी उभा होता, त्याने बाजू घेतली, मारणाऱ्याला उद्देशून तो बोलला. त्यात सौंदर्य आहे हे त्याच्या मागाहून लक्षात आले. आमच्या पोराला सौंदर्य आधी सापडले होते.

मग मला हँडीची गोष्ट आठवली. डब्ल्यू. सी. हँडी हा सुशिक्षित काळा बँडमास्तर. साधारण १९०३ साली मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनावर रखडलेल्या गाडीची वाट बघताना त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून काहीतरी विलक्षण वाजवीत होता आणि एकच ओळ तीनदा म्हणत होता. हँडीने ते ऐकले, पुढे तशा चाली लिहून छापल्या, १९१४ च्या 'सेंट लुई ब्लूज'ने नाव कमावले, आणि १९४१ साली आत्मचरित्र लिहिले त्याचे नाव ठेवले 'ब्लूजचा जनक'. स्टेशनावरच्या माणसाचे नाव त्यात नाही. हँडी लबाड नव्हता; त्यानेच तर ती हकीकत प्रामाणिकपणे सांगितली. त्याने फक्त नाव विचारले नाही. गाडी आली असेल.

नावाचाही काही भरवसा देता येत नाही म्हणा. सनी बॉय विल्यमसन नावाचा एक थोर माऊथ ऑर्गनवाला शिकागोत होता. तो हयात असतानाच दक्षिणेत दुसऱ्या एकाने रेडिओवर तेच नाव लावून वाजवायला सुरुवात केली. पहिला १९४८ साली रात्री कार्यक्रमाहून परतताना मारला गेला, वय अवघे चौतीस. दुसरा त्या उसन्या नावाने युरोपभर गाजला. आणि आता गंमत अशी, की दुसऱ्याचे वाजवणे ऐकताना हा माणूस खोटा आहे असे क्षणभरही वाटत नाही. नाव चोरले, श्वास मात्र स्वतःचा होता. उलट डीफोर्ड बेली. नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमातला हा पहिल्या फळीतला काळा वादक, आगगाडीची नक्कल बाजावर अशी करी की माणसे रूळ शोधत. १९४१ साली त्याला काढून टाकले. त्याने पुढची वर्षे त्याच शहरात बुटांना पॉलिश करून काढली. त्याची गाडी मात्र कित्येकांच्या बाजावर धावत राहिली. टाळ्या कोणाला पडल्या असतील त्या पडल्या असतील.

आपल्याकडे याला एक सुंदर अपवाद आहे, आणि तो दिवाळीच्या दिवशी आठवावा असा आहे. गी प्वातवँ हे फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले, आणि पाहता पाहता ती संख्या लाखाच्या पुढे गेली. पिठाच्या गिरण्या आल्यावर ओव्या जाणारच होत्या. पण माझ्या मते लाख हा आकडा त्या कामाचा मोठेपणा नव्हे. ओवीसोबत तिथे बाईचे नाव आहे, तिचे गाव आहे. कोणाची ओवी, कोणत्या गावची, हे विचारायला कोणीतरी जात्याजवळ बसले होते.

तरीसुद्धा बाईचा प्रश्न राहतोच. तिला नाव हवे होते असेही मला वाटत नाही. मागून कोण म्हणाले? रोवणीत मागून म्हणणारीचे काय काम असते? ती गाणे सुधारत नाही, त्याचा आस्वादही घेत नाही. तिचे हात चिखलात असतात. पुढचीला पुढची ओळ सुचेपर्यंत, तिला श्वास घेता येईपर्यंत, ती गाणे धरून ठेवते. पुढची एकटी राहत नाही. टाळी वाजवणारा समोर असतो, मागून म्हणणारा मागे असतो, आणि दुःखाच्या गाण्याला या दोन जागांत फार मोठा फरक पडत असावा. 'शोले'तल्या त्या दृश्याचेही तेच. तो दिव्यांकडे बघत वाजवतो, पण पायरीवरून उठून जात नाही, शब्द बोलत नाही, तिचे दुःख आपल्याला कळले असे दाखवीतही नाही. दूर बसून एक ओळ मागून म्हणतो. एरवी मारधाडीने भरलेल्या त्या चित्रपटात लोकांना इतक्या वर्षांनी ती पायरी का आठवते?

पण मग अडचण ही, की चिखलात हात नसलेल्याने मागून म्हणायचेच नाही काय? तसे असेल तर माझा पुतण्या कायमचा बाहेर, आणि मीही. तसे असेल तर इंग्लंडच्या त्या पोरांनी बांधाचे गाणे तोंडात आणायलाच नको होते, आणि मग १९२७ चा तो पूर नागपूरच्या एका गच्चीपर्यंत कधी पोचला नसता. पोराने ते गाणे ऐकले नसते तर आमच्याच बांधीतले गाणे त्याच्या कानाला लागले असते का, याची मला शंका आहे. मी तर तीस वर्षे धुऱ्यावर होतो.

हे सारे मी त्या रात्री बोललो नाही; थोडेसे बोललो असेन, ते कोणी ऐकले नाही. बारा वाजता दंडार पाहून पोरे परतली आणि वाद आपोआप थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतण्या पुन्हा तिकडे निघाला. मीही गेलो. वहिनींनी लुगडे आणि फराळाचा डबा दिला होता, तो मी मुकाट्याने घेतला. अंगणात चार बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत होत्या. बाईने लुगडे घेतले, "कायले, गुरुजी," म्हणाली, आणि डबा आत पाठवला. पुतण्या जमिनीवर बसला. म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हणा. मी मागून म्हणतो." बाया हसल्या. एकजण म्हणाली, "थो का बाजानं म्हनल?" बाईही हसली, आणि मग, पान कातरता कातरता, तिने गाणे उचलले.

पोराने पट्ट्यातून एक बाजा काढला, ओठांना लावून पाहिला, परत खोवला. दुसरा काढला. तोही जुळेना. तिची पट्टी त्याच्या कोणत्याच बाजावर नव्हती. दोहोंच्या मध्ये कुठेतरी होती. गच्चीवर त्याने तिची चाल आपल्या पट्टीत आणून वाजवली होती, इथे ते शक्य नव्हते. अखेर त्याने किंचित चढा बाजा घेतला आणि प्रत्येक सूर ओढून, वाकवून, तिच्यापर्यंत खाली आणू लागला. सगळे सूर असे वाकत नाहीत. ज्या हरकतींवर नागपूरला टाळ्या पडल्या त्यांपैकी एकही त्याला घेता येईना. त्याच्या हाती उरले जेमतेम तीन सूर. पहिल्या वेळी तो लवकर शिरला. ती थांबली, त्याच्याकडे पाहिले, विडी बांधली, आणि ओळ पुन्हा म्हटली. आंबराई झाली, विहीर झाली. मारुतीपाशी बाकीच्या तिघींनी, मान वर न करता, ओळ मागून उचलली, आणि त्यांच्या आवाजाखाली कुठेतरी ते तीन सूर होते. मला ते नीटसे ऐकूही आले नाहीत.

संध्याकाळच्या एस.टी.ने तो नागपूरला गेला. गाडीत चढताना विचारीत होता, "काका, पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधली पट्टी असलेला बाजा कोणी घासून करून देईल का?" मी म्हटले, भंडाऱ्यात पितळेची कामे करणारे हात अजून आहेत, विचारून पाहतो. तिला मात्र हे सांगू नकोस, म्हणाला, रोवणीला येतो.